विजेच्या युनिटची खरी पडतळ किती? डहाणूच्या धुराड्यापासून भिवंडीच्या मागापर्यंत

कापडाच्या धंद्यात ग्रे कापड मीटरमागे पंचवीस पैशांनी महागले तरी आम्ही मालवाल्याला बसवून हिशेब विचारतो. सूत काय भावाने घेतले, सायझिंगला किती गेले, मजुरी किती, वेस्टेज किती. त्याने वेस्टेज जास्त सांगितले की आम्ही लगेच म्हणतो, भाऊ, तुझा माग खराब आहे, त्याचे पैसे आम्ही का द्यावे? हा सवाल विचारण्यात आपल्या लोकांना कुणी शिकवावे लागत नाही. पण महिन्याच्या शेवटी विजेचे बिल येते तेव्हा हेच लोक चष्मा पुसतात, शेवटचा आकडा पाहतात आणि रांगेत जाऊन उभे राहतात. बिलावर स्थिर आकार असतो, वहन आकार असतो, इंधन समायोजन आकार असतो. यातला कोळशाचा खरा खर्च किती आणि दुसऱ्याच्या खराब मागाचे वेस्टेज किती, हे बहुतेकांनी कधी विचारलेले नाही. या लेखात आम्ही तोच हिशेब मांडणार आहोत. आम्ही अर्थशास्त्री नाही, व्यापारी आहोत. म्हणून भाषा पेढीचीच राहील.

डहाणू गावाच्या उत्तरेला समुद्राला लागून नरपड आहे. मच्छीमारी, चिकूच्या वाड्या, थोडेफार छोटे धंदे. तिथे आमचे कापडाचे एक गिऱ्हाईक आहे, त्यांच्या मुलाने बर्फाचा कारखाना सांभाळला आहे. गेल्या पावसाळ्यात उधारीच्या निमित्ताने गेलो तेव्हा पोराने बिल पुढे केले. म्हणाला, “चाचा, धुराडं आपल्या तालुक्यात, राख आपल्या तालुक्यात, आणि वीज जाते मुंबईला. आपल्याला मिळते ती दुसरीकडची, तीही महाग. हा कुठला हिशेब?” 

पोराचे म्हणणे मुळात खरे आहे. डहाणूच्या खाडीकाठी २५० मेगावॉटचे दोन संच आहेत, एकूण ५०० मेगावॉट. ते बी.एस.ई.एस. म्हणजे मुंबई उपनगरांना वीज पुरवणाऱ्या कंपनीने उभारले आणि १९९५-९६ च्या सुमारास चालू केले. पुढे ती कंपनी रिलायन्सकडे गेली आणि २०१८ साली अदानींकडे. मालक बदलले, पण वीज पहिल्यापासून मुंबईच्या उपनगरांसाठीच आहे. नरपड, बोर्डी, तलासरी हा भाग महावितरणचा. त्याची वीज राज्यभरच्या केंद्रांतून आणि केंद्र सरकारच्या प्रकल्पांतून एकत्र येते आणि दर सबंध राज्याचा धरून ठरतो. तेव्हा धुराडे दारात आहे म्हणून वीज स्वस्त, असे होत नाही. भिवंडीत माग आहे म्हणून भिवंडीच्या माणसाला लुंगी फुकट मिळत नाही, तसेच हे.

पण पोराच्या प्रश्नाचा दुसरा भाग, “महाग का?”, तो सोडून देण्यासारखा नाही.

कोळसा किती जळला?

विजेचे एक युनिट म्हणजे उष्णतेच्या मापात ८६० किलोकॅलरी. कोळसा जाळून एक युनिट करायला प्रत्यक्षात साधारण २३०० ते २७०० किलोकॅलरी लागतात, बाकीची उष्णता धुराड्यातून आणि थंड करण्याच्या पाण्यातून निघून जाते. एका युनिटला जितकी उष्णता लागते त्याला हीट रेट म्हणतात. आपल्या भाषेत हे ताग्यामागे लागलेले सूत.

धरून चला की कोळशाच्या एका किलोत ३६०० किलोकॅलरी आहेत आणि तो पोचता किलोला चार रुपये पडतो. २४०० हीट रेटच्या केंद्रात एका युनिटला ६६७ ग्रॅम कोळसा लागेल, म्हणजे २ रुपये ६७ पैसे. २७०० च्या केंद्रात ७५० ग्रॅम, म्हणजे ३ रुपये. एका युनिटमागे तेहेतीस पैशांचा फरक, आणि तो फक्त यंत्र नीट ठेवले की नाही एवढ्यावर. शिवाय केंद्र स्वतःच्या पंपांना, पंख्यांना, चक्क्यांना वीज खाते. कोळशाच्या केंद्रात तयार विजेपैकी आठ-नऊ टक्के अशी घरातच खपते. ती दहा-अकरावर गेली की आणखी काही पैसे गेले.

डहाणूच्या केंद्राचे नाव यात चांगले आहे. काही वर्षी त्याने आपल्या क्षमतेच्या शंभर टक्क्यांपर्यंत वीज काढली, आणि देशातल्या नीट चालणाऱ्या केंद्रांत त्याची गणना होत आली. तरी त्याची वीज फार स्वस्त नाही, कारण कोळसा मध्य आणि पूर्व भारतातून शेकडो मैल रेल्वेने पश्चिम किनाऱ्यावर आणावा लागतो. कारागीर उत्तम, पण सूत लांबून येते. इथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. सूत कमी लागले की जास्त हा कारागिराचा गुण. सूत महाग की स्वस्त हा बाजाराचा आणि जागेचा भाग.

हा फरक नीट मांडणारा माणूस होता एम. जे. फॅरेल नावाचा इंग्रज अर्थशास्त्री. १९५७ साली त्याने लिहिले की कोणत्याही उत्पादकाची कार्यक्षमता दोन भागांत मोजावी. पहिला भाग: तेवढ्याच मालासाठी त्याने इतरांपेक्षा किती जास्त सामान वापरले. दुसरा भाग: बाजारभाव पाहता त्याने योग्य सामानाची निवड केली का. मालेगावात एखादा मागवाला शंभर मीटरला बारा किलो सूत लावतो आणि दुसरा त्याच जातीच्या कापडाला तेरा. तेरावाल्याचा दोष पहिल्या प्रकारचा. तिसरा एक असा की सूत बाराच लावतो, पण जिथे साधे सूत चालले असते तिथे महागाचे वापरतो. तो दुसऱ्या प्रकारचा. कोळशाच्या बाबतीत परदेशी कोळसा गरज नसताना घेतला तर तो याच खान्यात मांडावा लागतो.

फॅरेलचे मुख्य म्हणणे असे की माप कागदावरच्या आदर्श यंत्राचे घेऊ नये. धंद्यात जे सगळ्यात चांगले चालवतात त्यांची एक सीमारेषा काढावी आणि बाकीचे त्या रेषेपासून किती मागे आहेत ते पाहावे. आपल्या बाजारात हेच चालते. सबंध गल्लीत सर्वांत कमी वेस्टेजमध्ये कोण काढतो ते पाहूनच आपण दुसऱ्याला बोलतो. पुढे १९७८ साली चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स या तिघांनी गणिताने ही रेषा काढण्याची रीत बसवली आणि जगभरच्या वीज, पाणी, टेलिफोन कंपन्यांना ती लावली गेली.

नशीब आणि नालायकी

आता इथे एक अडचण येते, आणि ती आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

बीड जिल्ह्यात परळीचे औष्णिक केंद्र आहे. २०१३ साली दुष्काळात पाणी संपले आणि केंद्र बंद ठेवावे लागले. २०१५ साली पुन्हा तेच. यंत्र उभे, माणसे पगारावर, कर्जाचे व्याज चालू आणि वीज शून्य. त्या वर्षी परळीचा युनिटमागचा खर्च काढला तर तो भयंकर दिसेल. त्याला परळीच्या इंजिनिअरची नालायकी म्हणायची का? डहाणूचे केंद्र खाडीच्या खाऱ्या पाण्यावर थंड होते, त्याला दुष्काळ लागत नाही. मग त्यात डहाणूवाल्यांची हुशारी किती आणि जागेचे नशीब किती?

१९७७ साली दोन ठिकाणी एकाच वेळी याचे उत्तर शोधले गेले. अमेरिकेतून एग्नर, लव्हेल आणि श्मिट, आणि युरोपातून म्यूसेन आणि व्हान डेन ब्रूक. त्यांनी असे धरले की रेषेपासूनच्या अंतराचे दोन हिस्से असतात. एक हिस्सा कधी इकडे कधी तिकडे जातो: पाऊस, वादळ, आकडेमोडीतली चूक. दुसरा हिस्सा नेहमी एकाच बाजूला असतो, खर्च वाढवणाऱ्या, आणि तीच खरी अकार्यक्षमता. अनेक कंपन्यांचे अनेक वर्षांचे आकडे हाती असले तर हे दोन हिस्से वेगळे काढता येतात. एकाच वर्षाच्या आकड्यावरून कुणाला गुन्हेगार ठरवू नये. पण दर वर्षी दुष्काळाचे, दर वर्षी वादळाचे कारण सांगणारा असेल तर त्याचे नशीब नाही, त्याचा कारभार वाईट. आपण उधारी घेणाऱ्या गिऱ्हाइकाला हाच नियम लावतो.

नरपडच्या किनाऱ्याला हे लागू आहे. खाऱ्या हवेने तारा आणि इन्सुलेटर लवकर खराब होतात. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आले तेव्हा पालघर जिल्ह्यात खांब पडले, वीज गेली. तलासरीकडे आतल्या भागात पाडे विखुरलेले, दहा घरांसाठी दोन किलोमीटर तार. भिवंडीत दोन किलोमीटर तारेवर शेकडो माग. डहाणू विभागाचा युनिटमागचा खर्च भिवंडीपेक्षा जास्त आला तर तेवढ्यावरून डहाणूचे कर्मचारी वाईट ठरत नाहीत. तुलना करायची तर डहाणूची करावी विक्रमगड-जव्हारशी, किंवा कोकणातल्या दुसऱ्या एखाद्या किनारी तालुक्याशी. जरीच्या साडीचा दर लुंगीच्या दराला कुणी लावत नाही.

आकाराचाही प्रश्न असतो. मार्क नेरलोव्ह नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्र्याने १९५५ सालचे १४५ वीज कंपन्यांचे आकडे घेऊन १९६३ साली दाखवले की लहान कंपनी मोठी झाली की युनिट स्वस्त पडते, पण खूप मोठ्या कंपन्यांत हा फायदा जवळजवळ संपतो. १९७६ साली क्रिस्टेन्सन आणि ग्रीन यांनी १९७० च्या आकड्यांवरून हेच पुन्हा पाहिले, तेव्हा बहुतेक वीज फायदा संपलेल्या मोठ्या कंपन्यांतच तयार होत होती. म्हणजे “आम्ही मोठे आहोत म्हणून स्वस्त देऊ” हे वाक्य एका मर्यादेपर्यंतच खरे. कापड बाजारातही पन्नास मागांची शेड आणि पाचशे मागांची शेड यांच्या पडतळीत तितका फरक राहत नाही जितका चार मागवाल्यात आणि पन्नासवाल्यात असतो.

न चाललेल्या मागाचे भाडे

एन्रॉनचे नाव या पानाच्या जुन्या वाचकांना सांगायला नको. जून १९९२ मध्ये करारनाम्याची बोलणी, १९९३ मध्ये वीज खरेदीचा करार, १९९५ मध्ये सरकारने तो मोडला, १९९६ मध्ये नव्याने केला. मे १९९९ मध्ये दाभोळचा ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा चालू झाला आणि मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबवले. माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २००१ साली त्यावर अहवाल दिला.

त्या भांडणात राजकारण भरपूर झाले, पण त्यातला हिशेब साधा होता. वीजकेंद्राचा खर्च दोन तऱ्हेचा: एक कर्जाचे व्याज, घसारा, पगार, मालकाचा नफा, जो केंद्र चालो न चालो लागतो; दुसरा इंधनाचा, जो चालले तरच लागतो. समजा ५०० मेगावॉटच्या केंद्राचा स्थिर खर्च वर्षाला ३०० कोटी आहे. ते वर्षभर ८० टक्के चालले तर ३५० कोटी युनिटे निघतील आणि स्थिर खर्च युनिटला ८६ पैसे पडेल. ४० टक्केच चालले तर तोच १ रुपया ७१ पैसे. दाभोळला हेच झाले. करारात असे होते की वीज घेतली नाही तरी स्थिर आकार द्यायचाच. मंडळाकडे त्या महागड्या विजेपेक्षा स्वस्त वीज होती, म्हणून दाभोळची कमी घेतली; कमी घेतली म्हणून युनिट आणखी महाग पडले. भाड्याने घेतलेले माग बंद ठेवून भाडे भरत राहण्यासारखे हे.

यातून दुसरी एक गोष्ट लक्षात घ्यावी. वीजकंपनीचा दर नियामक ठरवतो आणि तो भांडवलावर नफा देतो. पूर्वीच्या १९४८ च्या कायद्याखाली मंडळाने मालमत्तेवर तीन टक्के शिल्लक काढावी असा नियम होता. नियामक आयोग आल्यावर भागभांडवलावर साधारण १४ ते १६ टक्के परतावा धरला जाऊ लागला. आता तुम्हीच विचार करा. शिंप्याला शिलाई कापडाच्या किमतीच्या टक्केवारीने द्यायची ठरवली तर तो तुम्हाला स्वस्त कापड घ्यायला सांगेल का? १९६२ साली अॅव्हर्च आणि जॉन्सन या दोघा अमेरिकनांनी नेमके हेच दाखवले, की भांडवलावर नफा बांधून दिला की कंपनी गरजेपेक्षा जास्त भांडवल गुंतवते. म्हणून इंग्लंडमध्ये १९८३ साली स्टीफन लिटलचाइल्ड यांनी ब्रिटिश टेलिकॉमसाठी दुसरी रीत सुचवली: महागाईचा निर्देशांक घ्या, त्यातून ठरावीक टक्के वजा करा, तेवढीच दरवाढ मिळेल, त्याहून स्वस्तात काम केले तर फरक कंपनीचा. वजा करायचे टक्के किती, हे ठरवायला मग अकार्यक्षमतेचा अंदाज लागतोच. म्हणजे आपण वर जे गणित सांगितले ते दप्तरातले राहत नाही, थेट बिलावर उतरते.

गळतीचे वजन कोण करतो?

आमच्या मते महाराष्ट्रातला खरा घोळ केंद्रात कमी आणि तारेवर जास्त झाला.

१९९० च्या दशकात राज्य वीज मंडळ आपली गळती सतरा-अठरा टक्क्यांच्या आतबाहेर दाखवत होते. शेतीपंपांना मीटर नव्हते, अश्वशक्तीवर ठोक दर होता. पंप किती चालला याचा मंडळ अंदाज करी आणि तेवढी वीज शेतकऱ्याने वापरली असे लिहून टाकी. १९९९ साली महाराष्ट्र वीज नियामक आयोग स्थापन झाला आणि २००० साली पहिल्यांदा दरवाढीची जाहीर सुनावणी झाली. पुण्याच्या प्रयास संस्थेसारख्यांनी आणि ग्राहक प्रतिनिधींनी आकडे तपासायला घेतले, तेव्हा गळती तीस टक्क्यांच्या पुढे असल्याचे बाहेर आले. इतकी वर्षे जी वीज शेतकऱ्याच्या नावावर मांडली जात होती तिचा मोठा हिस्सा वाटेत गळत होता किंवा चोरीला जात होता.

कापडाच्या गोदामात असे करून पाहा. शंभर तागे आले, सत्तरची विक्री कागदावर आहे, तीस गायब. मुनीम म्हणतो, पंधरा तागे गरिबांना उधार दिले, त्याची पावती नाही. आपण त्या मुनिमाला दुसऱ्या दिवशी ठेवू का?

२००५ साली मंडळाचे तुकडे झाले, महानिर्मिती, महापारेषण, महावितरण अशा कंपन्या निघाल्या. गळती कागदावर बरीच खाली आली. पण शेतीच्या अंदाजाचा रोग पुरता गेला नाही. २०१६ च्या सुमारास सरकारने शेतीपंपांच्या वीजवापराच्या सत्यशोधनासाठी समिती नेमली, आय.आय.टी. मुंबईकडून अभ्यास करवला, आणि पुढे आयोगाने २०२० च्या दरआदेशात शेतीची विक्री कमी धरून गळती वाढवून मोजली. म्हणजे वीस वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा. शेतकऱ्याला सवलत जरूर द्या, तो आमचाही गिऱ्हाईक आहे. पण किती दिली ते मीटरने सांगा.

गळतीचा बिलावर काय परिणाम होतो तो असा. कंपनीला वीज पाच रुपयांना पडते असे धरा. वीस टक्के गळती असेल तर विकलेल्या युनिटवर खरेदीचा खर्च ६ रुपये २५ पैसे बसतो. पंधरा टक्के असेल तर ५ रुपये ८८ पैसे. फरक ३७ पैसे. बर्फाच्या एका टनाला साठ-सत्तर युनिटे लागतात. रोज पंधरा टन बर्फ काढणाऱ्याला दिवसाला हजार युनिटे, म्हणजे ३७० रुपये रोज, केवळ पाच टक्के गळतीपोटी. नरपडच्या पोराला आम्ही हा आकडा काढून दिला तेव्हा तो थोडा वेळ गप्प झाला. मग म्हणाला, “म्हणजे चाचा, आकडा टाकणाऱ्याचं बिल मीच भरतो.” अगदी तसेच. आकडा टाकणारा, मीटर हलवणारा आणि त्याच्याकडे काणाडोळा करणारा, तिघांचेही.

भिवंडीचा प्रयोग

आमच्या वाचकांत भिवंडीचे मागवाले बरेच आहेत, म्हणून हे जरा सविस्तर. २००६ च्या शेवटी महावितरणने भिवंडीचे वितरण टोरंट पॉवरला फ्रँचायझी म्हणून देण्याचा करार केला आणि २६ जानेवारी २००७ पासून ते चालू झाले. त्या वेळी गळती आणि न वसूल झालेली बिले मिळून तोटा अठ्ठावन्न टक्क्यांच्या आसपास होता. हा तोटा कसा मोजतात तेही पाहून घ्या. शंभर युनिटे शहरात घातली, ऐंशीचे बिल झाले, बिलापैकी नव्वद टक्के वसूल झाले, ऐंशीचे नव्वद टक्के म्हणजे बहात्तर, तोटा अठ्ठावीस. तर भिवंडीत शंभरापैकी बेचाळीसचेच पैसे हाती येत होते. डीपी जळायचे, आठ-आठ दिवस माग बंद राहायचे, हे भिवंडीकर विसरलेले नाहीत. काही वर्षांत तो तोटा वीस टक्क्यांच्या खाली आला.

करारातली खुबी अशी होती की कंपनीने महावितरणला पैसे द्यायचे ते शहरात घातलेल्या युनिटांवर. बिल किती युनिटांचे झाले याच्याशी महावितरणला देणे नाही. गळती झाली तर कंपनीच्या खिशातून, गळती कमी केली तर फायदा कंपनीचा. अकार्यक्षमतेचे वजन ज्याच्या हातात लगाम त्याच्याच अंगावर टाकले. आमच्या मते सबंध प्रकरणात यशाचे कारण हेच.

हे सांगताना दुसरी बाजू लपवायची नाही. भिवंडीत मीटरबद्दल, जुन्या थकबाकीबद्दल, चोरीच्या केसेसबद्दल लोकांच्या तक्रारी झाल्या, मोर्चे निघाले. ज्याचे नवे मीटर बसले त्याचे बिल वाढले. त्यातले किती खरे वापराचे आणि किती अन्यायाचे, हे प्रत्येक मीटरचे वेगळे. आणि फ्रँचायझी दिली की काम झाले असेही नाही. २०११ साली औरंगाबाद जी.टी.एल.ला आणि जळगाव क्रॉम्प्टनला दिले होते, नागपूर स्पॅन्कोला. औरंगाबादचा करार २०१४ मध्ये संपवावा लागला, जळगावचा २०१५ मध्ये, नागपूर दुसऱ्या कंपनीकडे जाऊन २०१९ मध्ये महावितरणकडे परत आले. तरतूद तीच, पण भांडवल आणि चालवणारा वेगळा. मार्च २०२० पासून मुंब्रा-कळवा-शीळ टोरंटकडे आणि मालेगाव कलकत्त्याच्या सी.ई.एस.सी. गटाकडे गेले आहे. मालेगावच्या मागवाल्यांनी दर वर्षी तोट्याचा आकडा विचारावा आणि तो भिवंडीच्या त्याच वर्षाच्या आकड्याशी, म्हणजे भिवंडीच्या तितक्याच जुन्या वर्षाशी, लावून पाहावा. तुलना तशीच बरोबर होते.

धुराचा खर्च कोणत्या खान्यात?

शेवटी पुन्हा डहाणू, कारण इथे एक असा खर्च आहे जो सगळ्या गणितांना चकवतो.

जून १९९१ मध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवा, असा आदेश प्राधिकरणाने १९९९ मध्ये दिला. कंपनी लांबवत राहिली, तेव्हा प्राधिकरणाने ३०० कोटींची बँक हमी मागितली, आणि २००७ च्या सुमारास यंत्रणा चालू झाली. त्या वेळी देशात अशी यंत्रणा मुंबईच्या ट्रॉम्बेसारख्या मोजक्याच ठिकाणी होती.

या यंत्रणेला भांडवल लागते, ती स्वतः वीज खाते. फॅरेलच्या रीतीने नुसती युनिटे आणि कोळसा मोजला तर यंत्रणा बसवलेले केंद्र न बसवलेल्यापेक्षा अकार्यक्षम दिसेल. जो रंगारी नाल्यात रंगाचे पाणी सोडतो त्याचा भाव नेहमीच कमी असतो. पाणी स्वच्छ करून सोडणारा महाग पडतो. पण नाल्याखालच्या वाडीवाल्याचे नुकसान कुणाच्याच वहीत येत नाही. डहाणू-घोलवडचा चिकू, ज्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या बागायतदारांनी धुराबद्दल वर्षानुवर्षे तक्रार केली ती याच खान्याची होती. अलीकडे अर्थशास्त्री धुराला नको असलेला माल म्हणून हिशेबात धरतात: किती वीज काढली आणि त्याबरोबर किती गंधक सोडला, दोन्ही मोजायचे. तसे मोजले तर डहाणू पुढच्या रांगेत येते.

हा प्रश्न जुना झालेला नाही. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या सर्व कोळसा केंद्रांना गंधकाची मर्यादा घालून दिली होती, मुदती वाढत गेल्या, आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना ही यंत्रणा बसवण्यातून सूट दिली. खर्च वाढतो हे कारण सांगितले गेले. खर्च वाढतो हे खरेच. तो कुणाच्या वहीतून कुणाच्या वहीत गेला एवढेच विचारायचे असते.

व्यापारी बांधवांना कामाची एक गोष्ट. महावितरणची दरवाढीची याचिका आली की आयोग ती जाहीर करतो, वर्तमानपत्रात नोटीस येते, हरकती मागवतो आणि सुनावणी घेतो. हरकत मराठीत लिहून देता येते, वकील लागत नाही. आमच्या ओळखीच्या काही संघटना तिथे जाऊन “दरवाढ रद्द करा” एवढेच लिहून येतात, त्याचा उपयोग होत नाही. लिहायचे ते असे: आमच्या फीडरवर किती युनिटे घातली, किती युनिटांचे बिल केले, मीटर नसलेल्या किती जोडण्या आहेत, त्यांचा वापर कोणत्या आधारावर धरला, आणि आमच्यासारख्याच दुसऱ्या फीडरवर हेच आकडे काय आहेत. नरपडच्या पोराने यातले पहिले दोन आकडे डहाणूच्या कार्यालयात माहितीच्या अधिकाराखाली मागितले आहेत. अर्जाची फी दहा रुपये.